विषयाच्या बाजूने

आमच्या घरात शेवटचा शब्द माझा असतो. मिरवायला सांगत नाही. ज्यांना ठाऊक आहे त्यांना ठाऊक आहे, ज्यांना नाही त्यांनी एकदा येऊन बघावं. माझी शाळा चौथीत सुटली आणि तोंड त्यानंतर सुटलं. नवरा गेल्यावर शिवणकामाचं दुकान मी एकटीने चालवलं. हाताखाली कामाच्या बायका, समोर हुज्जत घालणारं गिऱ्हाईक, पदराला पोरगा. अशा ठिकाणी जी बाई गप्प बसते, तिला लोक अस्तरासारखं आत घालून वरून शिवून टाकतात.

आता दुकान नाही. मुलगा, सून आणि नात यांच्याबरोबर राहते. नातीला सगळे तिच्या नावाने हाक मारतात, मी ठकी म्हणते. लहानपणी जिथे ठेवू तिथे लाकडी बाहुलीसारखी बसून राहायची, म्हणून. यंदा तिला नववीला नव्या शाळेत घातलं. मोठी शाळा आहे. भिंत कमी, काच जास्त. पोरं आत काय करतात ते बाहेरून दिसतं, ऐकू मात्र काही येत नाही.

पहिल्याच आठवड्यात तिच्या गणवेशाच्या स्कर्टची खालची शिलाई निघाली. गणवेश शाळेतूनच घ्यावा लागतो. मी स्कर्ट पिशवीत घालून थेट शाळेच्या कार्यालयात गेले. तिथला कारकून म्हणाला, "आजी, जरा हलक्या हाताने धूत जा."

मी म्हटलं, "बाळा, हा स्कर्ट धुवायचा आहे, की अंघोळ घालून पाळण्यात झोपवायचा आहे? दोरा कच्चा, टीप लांब, आणि सल्ला मला?"

त्याने मुकाट्याने दुसरा स्कर्ट काढून दिला. माझ्या मागे एक बाई उभ्या होत्या, त्या हसल्या. आवाज असा की चहात साखर घालायला नको. "आजी, तुमची नात कुठल्या वर्गात आहे? वादविवादाचा संघ माझ्याकडे आहे. अशा घरातली मुलगी मला हवीच."

मी छाती काढून नातीचं नाव आणि तुकडी सांगितली. कोणीही सांगितली असती. त्या दिवसापासून मी त्या बाईंना साखरबाई म्हणते, अर्थात घरात.

त्या शाळेत दुपारी जेवणानंतर एक तास असतो, त्याला मोकळा तास म्हणतात. मोकळा म्हणजे त्यात पुस्तक नाही. नाटक, बुद्धिबळ, यंत्रांचे नमुने, मातीकाम, वादविवाद, असं काय काय असतं, त्यातलं एक घ्यायचं. आमच्या ठकीने मातीकाम घेतलं होतं. तळघरात एक खोली आहे, तिथे चाकं आहेत, भट्टी आहे, आणि शिकवणारे सर फारसं बोलत नाहीत असं ती कौतुकाने सांगायची. घरी यायची ती नखात माती घेऊन. सून नाक मुरडायची, ठकी नखं लपवायची, पण चेहरा उजळलेला असायचा.

मग एक दिवस आली ती तोंड पाडून. दप्तर खुर्चीवर न ठेवता हातातच धरून उभी राहिली.

"आज्जी, माझा मोकळा तास बदलला. मला वादविवादात टाकलं."

"बरं झालं की. चिखलातून वर आलीस."

"मला चिखलच हवा होता."

"बाईंना सांगायचं मग."

"सांगितलं. फलकावर 'ऐच्छिक उपक्रम' असं लिहिलंय, तेही दाखवलं. तर म्हणाल्या, ऐच्छिक म्हणजे काय घ्यायचं ते इच्छेवर. घ्यायचं की नाही, ते इच्छेवर नाही. आणि तुझ्यासाठी काय चांगलं ते ओळखणं हे माझं काम आहे."

मला हसू आलं. म्हटलं, "म्हणजे सासर कुठलं ते सांग, पण लग्नाला नाही म्हणू नकोस. आणि सासरही आम्हीच बघून ठेवलंय."

ठकी हसली नाही. तिच्या बापाने मात्र संध्याकाळी ते ऐकलं आणि लिफ्टमध्ये भेटेल त्याला सांगत सुटला, पोरगी वादविवादाच्या संघात निवडली गेली, आजीवर गेली आहे. सून म्हणाली, "आई, तिला जरा धीटपणा येईल. चार लोकांत बोलायला लागेल." मला त्यात वावगं काही दिसलं नाही. मुक्या माणसाचं जग नव्हे हे.

दोन शाळांच्या स्पर्धेचा विषय आला, 'शाळेत छंद सक्तीचे असावेत'. ठकीच्या शाळेला बाजूने बोलायचं होतं, समोरच्या शाळेला विरुद्ध. म्हणजे जिला जबरदस्तीने आणून बसवली, तिनेच जबरदस्ती कशी चांगली ते पटवून द्यायचं. मी म्हटलं, देवाला पण विनोद कळतो.

रोज संध्याकाळी मी ओट्यापाशी भाजी चिरत विरुद्ध बाजू घ्यायची आणि ठकीने दारात उभं राहून तिची बाजू मांडायची.

"माननीय परीक्षक, पहिला मुद्दा. सक्ती केली नाही, तर विद्यार्थी नवीन गोष्टीकडे वळणारच नाहीत."

"घोड्याला पाण्यापर्यंत नेलं, म्हणून तो पाणी पितो का गं?"

"दुसरा मुद्दा. सक्तीमुळे शिस्त..."

"पहिल्याचं उत्तर दे. पहिला मुद्दा पडलाय तो उचल आधी."

"आज्जी, मध्ये बोलायचं नसतं. नियम आहे."

"समोरचा काय तुझा नियम बघून गप्प बसणार आहे? बोल."

असं म्हटलं की तिचा आवाज आत जायचा. ओठ हलायचे, शब्द घशाखाली. मी आणखी जोर करायची. दुकानात नवीन बाई आली की मीच तिच्या शिवणात खोट काढायची, म्हणजे गिऱ्हाइकाने काढली तर तिला रडू येऊ नये. पोरगी माझ्यासमोर टिकली, तर जगात कुणासमोरही टिकेल, हा माझा हिशोब. ती मात्र टिकत नव्हती. एकदाही नाही.

हळूहळू तिला ती भाषा चिकटली. जेवताना म्हणायची, "मला भूक नाही, याची दोन कारणं आहेत." बाप खदाखदा हसायचा. मी विचारलं, "कुठली कारणं?" तर म्हणाली, "सांगितली तर तू खोडून काढशील." आणि ताट सरकवून उठली.

सकाळी पोट दुखायला लागलं. डॉक्टर म्हणाले, पोटात काही नाही. पोटात काही नाही हे खरंच होतं, खातच नव्हती.

एक दिवस तिची पाण्याची बाटली घरी राहिली, ती द्यायच्या निमित्ताने मी शाळेत गेले. वादविवादाची खोली वाचनालयाला लागून आहे, म्हणून तिचं दार कायम बंद असतं. तिन्ही बाजूंनी काच. आत ठकी, एक उंच पोरगी आणि एक चष्मेवाला मुलगा, असा तिघांचा संघ, आणि त्यांच्यासमोर साखरबाई. ठकी उभी होती. काही ऐकू येत नव्हतं, नुसते ओठ. मधेच थांबली, हाताने पाणी मागितलं असावं. बाईंनी गोड हसून बोट वर केलं, आधी मुद्दा संपव. तेवढ्यात तिची नजर माझ्यावर पडली. मी बाटली वर करून दाखवली. तिने बाटलीकडे पाहिलंच नाही, माझ्याकडे बघत राहिली. बाजारात पिंजऱ्यातली पाखरं येणाऱ्या-जाणाऱ्याकडे बघतात ना, तशी. कुणी विकत घेईल म्हणून नाही, नुसतं बघायला समोर कोणी आहे म्हणून. बाटली शिपायाकडे दिली आणि घरी आले. दिवसभर काम सुचलं नाही.

रविवारी दुपारी दोघं नवरा-बायको बाहेर गेली होती. मी उशीचे अभ्रे शिवत बसले होते. ठकी शेजारी येऊन बसली, दोऱ्याची रिळं रंगाप्रमाणे लावायला लागली.

"आज्जी, तू बाईंना सांग ना."

"काय सांगू?"

"माझं नाव काढा म्हणून. तुझं सगळे ऐकतात. त्या कारकुनाने ऐकलं, तसं."

"आणि तो संघ? तिघं लागतात ना?"

"हो. मी निघाले तर त्या दोघांनाही स्पर्धेला जाता येणार नाही. ती उंच आहे ना, ती रोज मला डब्यातलं काढून देते. तो चष्मेवाला माझं दप्तर उचलतो. मी पळून जाईन म्हणून दोघं माझ्याशी इतकं चांगलं वागतात. त्याचा जास्त त्रास होतो."

मी सुई कापडात खोचली. खरं सांगायचं तर मला ते जड जात होतं. ज्या बाईने मला बघून पोरीला निवडलं, तिच्यासमोर जाऊन म्हणायचं, आमच्याने होत नाही? मी आजवर कापड फाडलं असेल, पण घेतलेलं काम परत केलं नाही. म्हणून मधला मार्ग काढला.

"हे बघ. एकदा उभी राहा. हरलीस, तर मी स्वतः जाऊन नाव काढून घेते आणि त्या तळघरात तुला चिखलात बसवून येते."

"हरले तर?"

"हरलीस तर."

"नक्की?"

"माझा शब्द आहे."

त्या संध्याकाळी ती पोटभर जेवली. दुसऱ्या दिवशी शाळेत जाताना शीळ घालत होती. मुलगा म्हणाला, "बघ आई, आली की नाही हिंमत." मलाही तसंच वाटलं. हरायचं ठरवलं की माणसाला इतकी भूक लागते, हे मला तेव्हा कुठे माहीत.

स्पर्धेच्या दिवशी शाळेचं सभागृह भरलं होतं. आम्ही तिघं दुसऱ्या ओळीत. मुलाने मोबाइल आधीपासून वर धरून ठेवला होता. मी म्हटलं, "अरे, अजून पडदाही उघडला नाही." तर म्हणतो, "सुरुवात चुकायला नको."

समोरच्या शाळेचा मुलगा कोट घालून आला आणि काय सुरेख बोलला. मन, फूल, पंख, आकाश, सगळं आणलं. टाळ्या झाल्या. मग आमची उंच पोरगी पाठ केलेलं घडाघडा बोलून गेली, चष्मेवाला मध्ये खोकला तरी त्याने निभावून नेलं. मग ठकी.

ती आली आणि हातातला कागद तिने घडी करून खिशात घातला. साखरबाई कडेला उभ्या होत्या, त्यांनी मान हलवली, काढ काढ. ठकीने नाही काढला.

"माननीय परीक्षक," ती म्हणाली. "मला बाजूने बोलायचं आहे. मी इथे माझ्या मर्जीने आलेली नाही. मला मातीकाम हवं होतं. मला तिथून उठवून इथे आणलं. मी बाईंना नको म्हटलं, बाबांना म्हटलं, आजीला म्हटलं. त्या सगळ्यांचं माझ्यावर प्रेम आहे, म्हणून कोणी ऐकलं नाही. घरी मी रोज आजीशी वाद घालते आणि रोज हरते. सकाळी माझं पोट दुखतं. या विषयाचे माझे सगळे मुद्दे पाठ आहेत, पण त्यातला एकही मला खरा वाटत नाही. खरं एवढंच आहे की मला इथून जायचं आहे. मी एवढं मोठ्याने आयुष्यात कधी बोलले नव्हते. मला आता हरवा आणि जाऊ द्या. संपलं."

माझा हात सुनेच्या हातावर पडला. मुलाचा मोबाइल खाली आला. मला वाटलं, आता कोणीतरी उठेल. कोणीतरी जाऊन पोरीला हाताला धरून खाली आणेल.

कोणी उठलं नाही. आधी मागून एक टाळी आली. मग दुसरी. मग सगळं सभागृह. उंच पोरगी आणि चष्मेवाला रडत रडत हसत होते. ठकी मधोमध उभी. आपल्याकडून काय झालं ते तिला कळेना. ती माझ्याकडे बघत होती.

निकाल सांगायला परीक्षक उठले. विद्वान गृहस्थ, डोळे पुसून बोलायला लागले. "या मुलीने विरोधाभासाचं जे शस्त्र वापरलं, त्याला तोड नाही. ती विरुद्ध बोलतेय असं आपल्याला वाटलं आणि तिने बाजू सिद्ध केली. सक्ती केली नसती, तर हा आवाज आपल्याला कधी ऐकू आला असता का?"

शेजारच्या खुर्चीतल्या बाई माझ्याकडे वळल्या. "तुमची नात का? काय अभिनय केला हो. माझ्या अंगावर काटा आला."

"अभिनय नव्हता तो," मी म्हटलं.

"तेच तर," त्या म्हणाल्या. "अभिनय वाटलाच नाही."

मुलगा माझ्या कानाशी लागला, "आई, काय जबरदस्त लिहून दिलंस गं तिला."

"मी नाही लिहून दिलं. ती खरं बोलली."

"हो हो, कळलं," तो म्हणाला आणि डोळा मारला. चाळिशी ओलांडलेला माणूस. त्याला वाटलं मी मोठेपणा दाखवतेय. सुनेला थोडं कळलं असावं. पण तीही टाळ्या वाजवत होती. सगळे वाजवत असताना आईने हात मांडीवर ठेवून बसायचं कसं?

मी उठले. रांगेतल्या लोकांचे पाय तुडवत मंचाच्या कडेला गेले. ठकीच्या हातात चषक होता, तिच्या डोक्याएवढा. दोन्ही बाजूंनी संघातली दोघं तिला बिलगली होती. साखरबाई कुणाकुणाचं अभिनंदन स्वीकारत होत्या.

"बाई," मी म्हटलं, "पोरगी आता येणार नाही. तिचं नाव काढा."

"आजी," त्या म्हणाल्या आणि माझे दोन्ही हात हातात घेतले. "तुमचे आभार कसे मानू? ही तुमचीच देणगी."

"देणगी नव्हे. ती काय बोलली ते ऐकलंत ना?"

"प्रत्येक शब्द. अंगावर काटा."

"काटा नको. अर्थ घ्या. तिला मातीकाम हवंय."

"अहो, करेल की मातीकामही. सुट्टीत करेल. आता पुढची फेरी आहे, तिथे हिच्याशिवाय कोण?" आवाजात तीच साखर. भांडायला आलेल्या माणसाशी मी आयुष्यभर भांडले, पण जो हात सोडतच नाही आणि तुमच्या प्रत्येक वाक्याला हो म्हणतो, त्याला कुठून पकडायचं? कात्री चालवायला कापड ताठ लागतं. हे लोण्यासारखं नुसतं मऊ.

"ऐच्छिक आहे ना तुमचं?" मी म्हटलं.

"अगदी ऐच्छिक. आपण तिलाच विचारू." त्या वळल्या. "बाळ, तूच सांग. सगळ्यांसमोर सांग. तुझी काय इच्छा?"

आता बघा. उंच पोरीने तिचा एक हात धरला होता, चष्मेवाल्याने दुसरा. बापाचा मोबाइल पुन्हा वर आला होता. मुख्याध्यापक पाठीवर थाप मारून तिथेच थांबले होते. परीक्षकही कौतुकाने बघत होते. मी तिच्या समोर उभी होते, आणि हरण्याची अट माझीच होती, तीही तिला पाळता आली नव्हती. मी डोळ्यांनी सांगत होते, नाही म्हण, मी आहे. पण माझ्या डोळ्यांतलं ओळखायची सवय तिला कुठून असणार? तिने आजवर माझं तोंडच ऐकलं होतं.

"येईन," ठकी म्हणाली.

"बघा आजी," साखरबाई म्हणाल्या. पुन्हा टाळ्या.

घरी येताना मुलगा गाडी चालवत होता, सून त्याच्या शेजारी फोनवर माहेरी सगळं सांगत होती. मागे मी आणि ठकी, मध्ये तो चषक. त्याला पट्टा लावा असं मुलगा म्हणाला होता, तर खरंच लावला होता. सिग्नल लागला की मुलगा तिचं भाषण मोबाइलवर लावायचा. 'मला इथून जायचं आहे.' हिरवा लागला की बंद.

"पुढच्या फेरीत काय आहे?" मी हळूच विचारलं.

"विषय तोच. बाजू बदलते. आता विरुद्ध बोलायचं."

"मग बरंच की. आता मनातलं बोलता येईल तुला."

"ते बोलून झालं ना आज. ते बाजूने धरलं त्यांनी. आता विरुद्ध बोलायला माझ्याकडे खरं काही उरलं नाही."

मला काहीतरी सुचायलाच हवं होतं. नेहमी सुचतं. म्हटलं, "मग खोटं बोल. म्हण, माझ्यावर कोणी सक्ती केली नाही, मी माझ्या मर्जीने आले, म्हणून इतकं चांगलं बोलते. झाली विरुद्ध बाजू."

ठकीने खिडकीवर डोकं टेकवलं.

"ते तर मघाशीच सगळ्यांसमोर बोलले, आज्जी."

मी तोंड उघडलं. बाहेर दुकानांच्या पाट्या एकामागून एक मागे जात होत्या.

"काय म्हणतेय ती?" मुलाने पुढून विचारलं.

"काही नाही," मी म्हटलं. "तू गाडी चालव."